पट्टे सोडा, आधी बोटं खालून बघा

प्रश्न असा होता: सदाहरित जंगलात रात्री बुंध्यावर गडद आडव्या पट्ट्यांची पाल दिसली, फोटो फक्त वरून आहे, सिर्टोडॅक्टिलसची (वाकड्या बोटांच्या पालींचा गट) नेमकी कोणती प्रजाती? या फोटोवरून जीनसचा, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाचा, अंदाज बांधता येईल, प्रजातीचं नाव देता येणार नाही.

पट्टे सगळ्यात आधी नजरेत भरतात आणि सगळ्यात जास्त फसवतात. तीच पाल कधी काळपट, कधी फिकी दिसते. पिल्लांचे ठळक पट्टे वाढीबरोबर तुटत जातात. शेपटी पुन्हा उगवलेली असेल तर तिच्यावर मूळ खवलेही नसतात नि मूळ पट्टेही नसतात, म्हणून ती जमेस धरायचीच नाही.

आधी डोळ्यातली बाहुली बघा. उभी फट असेल तर पाल बहुधा निशाचर. गोल असेल तर निमास्पिस जीनससारख्या दिवसा फिरणाऱ्या पालींकडे वळा. मग बोटं. हेमिडॅक्टिलसच्या (घरातल्या पालींचा जीनस) बोटाखालच्या खवल्यांच्या आडव्या पट्ट्या मधोमध दुभंगलेल्या असतात आणि नखाचं बारीक पेर गादीतून, म्हणजे बोटाच्या रुंद चिकट भागातून, वर सुटलेलं असतं. गेको या जीनसच्या रुंद गादीवर त्या सहसा अखंड असतात. सिर्टोडॅक्टिलसची बोटं मात्र बारीक, सांध्यात वाकलेली, गादी नसलेली. काचेच्या उभ्या भिंतीवर ती सहसा टिकत नाहीत. परवाना असेल तर पाल दोन मिनिटं पारदर्शक डब्यात ठेवून खालून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्या आणि जागच्या जागी सोडा. शेपटीला हात लावू नका.

गादी नाही म्हणजे नातं जवळचं, असंही नव्हे. पालींच्या उत्क्रांतीत गाद्या अनेकदा आल्या नि गेल्या. बारीक बोटं आणि गोल बाहुली पाहून आफ्रिका, दक्षिण आशिया आणि आग्नेय आशियातल्या पाली एकाच निमास्पिसमध्ये घातल्या होत्या. डीएनएने ते तीन वेगळे गट ठरवले.

प्रजातीसाठी मोजणी लागते: नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, वरच्या ओठाचे खवले, मागच्या पायाच्या चौथ्या बोटाखालच्या पट्ट्या, पाठीवरच्या गाठींच्या रांगा, पोटावर दोन बाजूंच्या घड्यांमधले खवले. नरात गुदद्वारासमोरची आणि मांडीखालची छिद्रं किती, आणि रांग सलग की मध्ये तुटलेली, हे फार मोलाचं. मादीत ती बहुधा नसतात किंवा नुसते खळगे असतात, त्यामुळे एकटी मादी पुष्कळदा अनिर्णित राहते. हमखास चूक होते ती बोटाखाली: कुणी बुडापासून नखापर्यंत सगळ्या पट्ट्या मोजतो, कुणी फक्त रुंद झालेल्या. ज्या मूळ वर्णनाशी ताडायचं त्याची मोजण्याची पद्धत आधी वाचा, नाहीतर आकड्यांतल्या फरकातूनच ‘नवी प्रजाती’ निघते.

अभ्यासासाठी नमुना घेतलाच तर डीएनएसाठीचा तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये आधी काढा. फॉर्मालिन डीएनए खराब करतं. मग पाल 10 टक्के फॉर्मालिनमध्ये, शेवटी 70 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. पालींत तुलनेला एनडी2 हा जनुक बराच वापरतात, पण अमुक टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती असा सरसकट नियम नाही. खवले, बांधा आणि डीएनए एकाच दिशेला बोट दाखवायला हवेत, आणि जवळच्या प्रजातींच्या होलोटाइपशी, म्हणजे ज्या एका नमुन्यावरून प्रजातीला नाव दिलं त्याच्याशी, ताडून बघायला हवं.

सिर्टोडॅक्टिलसमध्ये 300 हून जास्त प्रजाती आहेत आणि आग्नेय आशियात पुष्कळदा एकेका चुनखडीच्या डोंगराची वेगळी प्रजाती सापडते. म्हणून ठिकाण आणि उंची तुमच्या वहीत नेमकी हवी. जाहीर मात्र ढोबळ लिहा: 1999 मध्ये वर्णन झालेली गोनियुरोसॉरस लुई ही पाल तिच्या मूळ ठिकाणाहून पाळीव प्राण्यांच्या व्यापारापायी संपली. तूर्त नोंद ‘सिर्टोडॅक्टिलस?, प्रजाती अनिश्चित’ अशी करा. बोटांचा फोटो मिळाला की प्रश्नचिन्ह काढा.