हातात यू-पिन, समोर तेच पान

प्रश्न : ताई, मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यासाला बसले की हात आपोआप टेबलावरच्या वस्तूंकडे जातो. यू-पिना उलगडून बगळे, हरणं करते. शार्पनरमधून निघालेली सालं कागदावर चिकटवून बाहुल्यांचे झगे करते. करताना खूप आनंद होतो, पण पुस्तकाचं पान काही उलटत नाही. घरचे म्हणतात, हे सगळं कपाटात कोंडून ठेव. ठेवू का?

उत्तर : नको. पिना कपाटात गेल्या तर बोटं वहीचे कोपरे दुमडत बसतील. पेन्सिलीच्या सालाची ती रंगीत कड तुला झग्याच्या काठासारखी दिसली, हे मला फार आवडलं. मी चित्रकला शिकवते. अशी नजर मुलांमध्ये यावी म्हणून आम्ही वर्षानुवर्षं खटपट करतो.

आता अभ्यासाचं. चालढकल आळसातून होते असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा समोरच्या कामामुळे जीव कासावीस होतो आणि त्यातून सुटायला हात दुसरं काहीतरी धरतो. म्हणून एवढं कर : हात पिनेकडे गेला की ज्या ओळीवर होतीस, तिथे समासात पेन्सिलीने बारीक टिंब दे. स्वतःला रागावू नकोस, फक्त टिंब दे. चार दिवसांनी पानं चाळलीस की टिंबं कुठे दाटली आहेत ते दिसेल. एखादी सिद्धता असेल, एखादी व्याख्या असेल. तेवढंच कुणाला तरी विचारून घे. सगळा विषय अवघड नसतो गं, दोन-तीन गाठी असतात.

हाताला चाळा असणं मुळात वाईट नाही. मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी 40 जणांना एक कंटाळवाणा फोन-संदेश ऐकवला आणि त्यातल्या निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार पेन्सिलीने भरायला दिले. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आकार भरणाऱ्यांना 29 टक्के जास्त आठवलं. पण ते काम ऐकण्याचं होतं आणि चाळा बिनडोक होता. बगळा करायला डोळा आणि डोकं दोन्ही लागतात, त्यामुळे तो वाचताना जमणार नाही. तासाला बसून व्याख्यान ऐकताना चौकोन भर खुशाल.

बगळ्याला त्याची स्वतःची वेळ दे. रात्री जेवणानंतर अर्धा तास, पुस्तक मिटून. माझा आग्रह यासाठी आहे की चोरून केलेलं काम नेहमी पहिल्या उत्साहापाशीच थांबतं. पाय नीट उभे राहिनात की आपण दुसरी पिन उचलतो.

पिनेची तार पोलादाची असते. जिथे वाकवशील तिथे ती कडक होते, आणि तिथेच पुन्हा उलटी वाकवलीस की तुटते. म्हणून आधी कागदावर बगळा एका सलग रेषेत काढ, पेन्सिल न उचलता. चोच, मान, पाठ, मग पाय. कुठे वळायचं ते ठरलं की त्या रेषेवर तार ठेवून प्रत्येक वळण एकदाच घे. मानेची गोलाई बोटांनी घेऊ नकोस, रिफीलभोवती तार फिरव, म्हणजे वळण एकसारखं येतं. अलेक्झांडर काल्डर हा शिल्पकार 1920 च्या दशकात पॅरिसमध्ये तारेची माणसं आणि प्राणी करायचा. त्याच्या कामाचे फोटो जरूर बघ. तार किती ठिकाणी वाकवलेली नाही, तिकडे लक्ष दे.

झग्यांसाठी गोंद अगदी थेंबभर घे, तोही सालाच्या आतल्या टोकालाच. इतकं पातळ लाकूड ओलं झालं की भलतीकडे वळतं. सुकेपर्यंत वर पट्टी टेकवून ठेव.