सतरावा होल घरासमोरच होता

प्रश्न : नववीतल्या मुलीबरोबर ‘द ग्रेटेस्ट गेम एव्हर प्लेड’ हा सिनेमा पाहिला. गोल्फ आम्हा दोघींनाही कळत नाही, तरी शेवटी डोळे भरून आले. सिनेमा संपल्यावर मुलीने विचारलं, ‘आई, हे खरंच असं झालं होतं का? एवढासा कॅडी, एवढ्या मोठ्या खेळाडूंना हरवणं, शेवटच्या फटक्यावर निकाल?’ मला सांगता येईना. यातलं खरं किती आणि रचलेलं किती?

उत्तर : मुलीला आधी हे सांगा, की सिनेमाचा नायक फ्रान्सिस विमेट खरा आहे आणि त्याचा कॅडी, म्हणजे खेळाडूची काठ्यांची बॅग उचलून त्याच्याबरोबर चालणारा मदतनीस, तोही खरा आहे. कॅडीचं नाव एडी लोअरी, वय १० वर्षं. शाळा बुडवून तो आला होता, हेही खरं.

माझे वडील कॅडी होते. बॅगेचा पट्टा जिथे रुतायचा, तिथली त्यांच्या डाव्या खांद्याची कातडी कायमची जाड झाली होती. त्यामुळे २००५ साली हा सिनेमा आला तेव्हा मी खेळाडूंपेक्षा एडीकडेच जास्त बघत होते, आणि नंतर ज्या स्पर्धेवर तो बेतलाय त्या १९१३च्या अमेरिकन ओपन या गोल्फ स्पर्धेबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

मूळ गोष्ट अशी. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रुकलाइन इथे ‘द कंट्री क्लब’ आहे. फ्रान्सिस विमेटचं घर रस्त्याच्या अलीकडे, क्लबच्या गोल्फ मैदानाचा सतरावा होल रस्त्याच्या पलीकडे. वडील फ्रेंच-कॅनेडियन, आई आयरिश, दोघंही बाहेरून येऊन कष्टावर जगणारे. लहानपणी फ्रान्सिसने याच क्लबात लोकांच्या बॅगा उचलल्या. १९१३मध्ये तो २० वर्षांचा, खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकरी करणारा हौशी, म्हणजे पैशासाठी न खेळणारा, खेळाडू होता. समोर इंग्लंडहून आलेले हॅरी वॉर्डन आणि टेड रे. वॉर्डनने ब्रिटिश ओपन तोवर ५ वेळा जिंकली होती आणि रे १९१२चा विजेता होता.

गोल्फमध्ये कमीत कमी फटक्यांत चेंडू होलमध्ये, म्हणजे खड्ड्यात, टाकणारा जिंकतो. १८ होलची एक फेरी, अशा चार फेऱ्यांचे ७२ होल संपले तेव्हा तिघेही ३०४ फटक्यांवर. ही बरोबरी फ्रान्सिसने कशी गाठली, ते ऐकण्यासारखं आहे. शेवटच्या फेरीचे पहिले ९ होल त्याने ४३ फटक्यांत खेळले. एवढे फटके म्हणजे खेळ हातातून गेल्यातच जमा. पुढे तेराव्या होलवर त्याने ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत गवताच्या, बाहेरून मारलेला चेंडू थेट होलमध्ये पडला. सतराव्यावर लांबचा पट, म्हणजे ग्रीनवरून होलकडे ढकललेला फटका, बसला आणि बर्डी झाली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी. शेजारच्या रस्त्यावर मोटारींचे भोंगे वाजत होते. फ्रान्सिसने नंतर लिहिलं, की आपल्याला ते ऐकूच आले नाहीत. कॅडीच्या मुलीला यात अतिशयोक्ती वाटत नाही. पटच्या वेळी खरोखर काही ऐकू येत नाही, असं आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलेय.

दुसऱ्या दिवशी, २० सप्टेंबरला, तिघांची १८ होलची निर्णायक फेरी झाली. सिनेमा इथे सत्यापासून बाजूला होतो. पडद्यावर सगळं शेवटच्या होलवर, शेवटच्या पटवर येऊन थांबतं आणि फ्रान्सिस एका फटक्याने जिंकतो. प्रत्यक्षात फ्रान्सिस ७२, वॉर्डन ७७ आणि रे ७८. आकडे बघून सामना एकतर्फी झाला असं वाटेल, पण तसा तो नव्हता. पहिल्या ९ होलनंतर तिघेही ३८वर बरोबर होते. रे पंधराव्यावर मागे पडला. दोन होल उरले तेव्हा वॉर्डन फक्त एका फटक्याने मागे होता. मग सतरावा आला. तिथे फेअरवे, म्हणजे ग्रीनकडे जाणारा गवताचा पट्टा, वळतो. वॉर्डनने तो कोपरा कापून पुढे जायचा प्रयत्न केला आणि चेंडू बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला. त्याला ५ लागले. फ्रान्सिसने पुन्हा बर्डी केली, ३. अंतर तीन फटक्यांवर गेलं, आणि अठराव्यावर आणखी दोनांनी वाढलं.

म्हणजे निकाल लागला तो त्याच्या घरासमोरच्या होलवर. सलग दोन दिवस, त्याच ग्रीनवर, तीच बर्डी. असा प्रसंग हाती असताना तो अठराव्या होलवर ताणावा, हे मला आजही खटकतं. दिग्दर्शक बिल पॅक्सटनने बाकी फार माया लावून काम केलंय. वॉर्डनचं दुःख तर या सिनेमाने जसं दाखवलंय तसं कमी दिसतं. तोही जर्सी बेटावरचा गरिबाघरचा मुलगा, बागकाम करून पोट भरलेला. एवढं नाव झाल्यावरही बड्या लोकांच्या क्लबात त्याच्याकडे नोकरमाणूस म्हणूनच बघितलं जायचं. त्या दिवशी मैदानावर तळातून वर आलेला फ्रान्सिस एकटा नव्हता.

सिनेमा परत बघाल तेव्हा पावसाकडे लक्ष द्या. तो खरा होता; निर्णायक फेरी ओल्या, चिखल झालेल्या मैदानावर झाली. त्या काळी गोल्फच्या काठीची दांडी लाकडी आणि मुठीला चामडं. भिजलं की हातातून सटकायचं. वडील म्हणायचे, पावसात कॅडीचं काम बॅग उचलणं नव्हे, मुठी कोरड्या ठेवणं. टॉवेलची एक घडी ते शर्टाच्या आत, पोटाशी ठेवत. स्वतः चिंब व्हायचे, घडी कोरडी राहायची. दहा वर्षांच्या पोराने १८ होल हे सांभाळलं असेल, हा विचार आला की मला एडीच्या खांद्यावरची बॅग जड दिसायला लागते.

प्रश्न : इतका मोठा विजय मिळवूनही फ्रान्सिस व्यावसायिक का झाला नाही? आणि एडीचं पुढे काय झालं?

उत्तर : त्याला हौशीच राहायचं होतं. तरी खेळाच्या सामानाच्या धंद्यात आहे म्हणून अमेरिकन गोल्फ संघटनेने १९१६मध्ये त्याचा हौशी दर्जा काढून घेतला. दोन वर्षांनी तो परत दिला. बागेत, दुकानात, कारखान्यात राबणाऱ्यांना हौस परवडू नये असेच ते नियम होते, आणि ते वाचून मला राग येतो. अमेरिकन अमॅच्युअर स्पर्धा त्याने १९१४मध्ये जिंकली, आणि पुन्हा थेट १९३१मध्ये. १९५१मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट या जुन्या, मानाच्या गोल्फ क्लबचा कॅप्टन झाला. हा मान मिळालेला तो पहिला अमेरिकन. त्याच्या नावाने १९४९मध्ये कॅडी मुलांसाठी शिष्यवृत्ती निधी सुरू झाला.

एडी पुढे सॅन फ्रान्सिस्कोत मोटारींचा मोठा विक्रेता झाला. पण तुम्ही विचारलंत म्हणून एक गोष्ट सांगतेच. निर्णायक फेरीआधी फ्रान्सिसला काहींनी सुचवलं, की एवढ्या मोठ्या सामन्याला हे पोर कशाला, जाणता कॅडी घे. फ्रान्सिसने एडीलाच घेतलं. वडिलांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी तेवढा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला होता.