विडालमध्ये एएच वाढलेले दिसले, तर पॅराटायफॉइडचा कोड द्यावा का?

प्रश्न असा आहे : विद्यार्थी सोलापुरात मेडिकल कोडिंग (निदानाला ठरलेला सांकेतिक क्रमांक देण्याचे काम) शिकत आहे, सरावाच्या फाइलमध्ये विडाल या टायफॉइडसाठीच्या रक्तचाचणीच्या रिपोर्टवर ‘एएच १:१६०’, म्हणजे पॅराटायफॉइड ए या टायफॉइडसारख्याच तापाकडे बोट दाखवणारा आकडा आहे, डिस्चार्ज कार्डावर मात्र डॉक्टरांनी ‘एन्टेरिक फीवर’ (टायफॉइड-पॅराटायफॉइड गटाचा ताप) एवढेच लिहिले आहे. अशा वेळी ए०१.१ हा पॅराटायफॉइड एचा कोड द्यावा का?

देऊ नये. आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या सूचीत ‘एन्टेरिक फीवर’ हे शब्द टायफॉइडकडे, म्हणजे ए०१.० कडे नेतात, आणि आहे त्या कागदांवरून तोच कोड येतो. ए०१.१ हा पॅराटायफॉइड ए, ए०१.२ बी आणि ए०१.३ सी यांसाठी आहे. डॉक्टरांनी प्रकार न सांगता नुसते ‘पॅराटायफॉइड’ लिहिले असेल तर ए०१.४. निदान करण्याचा अधिकार डॉक्टरांचा असल्यामुळे प्रयोगशाळेचा आकडा पाहून कोडरने ते परस्पर बदलायचे नसते. शंका आल्यास डॉक्टरांना लेखी विचारावे, परंतु ‘पॅराटायफॉइड ए लिहू का?’ असे नव्हे, तर ‘तापाचे अंतिम निदान स्पष्ट करावे’ असे.

मी सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात हेच काम करतो, आणि माझ्या मते गोंधळाचे खरे मूळ विडाल चाचणीवरील अवाजवी विश्वासात आहे. १८९६ सालची ही पद्धत आजही स्वस्त आणि झटपट म्हणून सर्रास वापरली जाते. रिपोर्टवर टीओ, टीएच, एएच आणि बीएच अशा चार ओळी असतात, त्यांतील टीओ आणि टीएच टायफॉइडच्या टायफी या जंतूच्या, तर एएच पॅराटायफी ए या जंतूच्या प्रतिपिंडांसाठी असते. परंतु हे जंतू एकमेकांचे जवळचे नातलग असून त्यांच्या आवरणावरील काही घटक सामाईक आहेत, म्हणून पॅराटायफॉइडच्या रुग्णातही टीओ वाढलेले दिसू शकते. शिवाय ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते टाक्यांत, पिंपांत साठवून वापरावे लागते, तिथे पूर्वी कधीतरी होऊन गेलेल्या संसर्गाच्या खुणा अनेक धडधाकट माणसांच्या रक्तातही सापडतात. एकाच नमुन्यातला १:१६० हा आकडा त्यामुळे पुरावा ठरत नाही. आठ-दहा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन त्यात चौपट वाढ दिसली, तर त्याला काही वजन येते. टायफॉइडची रॅपिड कार्ड चाचणी बहुधा टायफीसाठीच बनवलेली असते, म्हणून ती निगेटिव्ह आली तरी पॅराटायफॉइड नाही असे म्हणता येत नाही.

खरा निर्णय ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची चाचणी, देते. प्रौढ रुग्णाचे साधारण १० मिलिलिटर रक्त, शक्यतो पहिल्या आठवड्यात आणि प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी, बाटलीत जायला हवे. आपल्याकडे मेडिकलमधून दोन दिवस गोळ्या घेऊन मगच दवाखाना गाठण्याची सवय असल्याने कल्चर निगेटिव्ह येण्याचे प्रमाण वाढते, हा भाग निराळा. जंतू वाढला की रिपोर्टवर ‘साल्मोनेला पॅराटायफी ए’ असे नाव आणि खाली कोणते औषध लागू पडेल त्याचा तक्ता येतो. सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी कमी आणि त्यांतलाच एक प्रकार असलेल्या इओसिनोफिल शून्य दिसल्या की डॉक्टरांचा संशय बळावतो. तरी कोडरसाठी तो केवळ संशयच राहतो.

‘संशयित पॅराटायफॉइड’ असे लिहूनच रुग्ण घरी गेला आणि पुढे काहीच खुलासा मिळाला नाही, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार ते निदान झाले असे धरून ए०१.४ द्यावा. मात्र कल्चरचा अंतिम रिपोर्ट पुष्कळदा डिस्चार्जनंतर येतो. त्यात पॅराटायफी ए निघाला, तर फाइल पुन्हा डॉक्टरांकडे पाठवून त्यांच्याकडून तारीख व सहीसह पुरवणी नोंद घ्यावी, आणि ती मिळाल्यावरच कोड ए०१.१ करावा. विम्याचा दावा त्याआधी गेला असेल, तर सुधारित कोडसोबत त्या पुरवणी नोंदीची प्रतही जोडावी.