गाडी बारा वर्षांची, किलोमीटर कमीच झालेत. मूळचा टायमिंग बेल्ट बदलतोय, वॉटर पंप ठीक आहे, तरी मेकॅनिक पंपही बदला म्हणतो. लुबाडतोय का?

नाही. उलट मेकॅनिकने स्वतःहून पंपाचा विषय काढला म्हणजे माणूस कामाचा आहे, त्याला सोडू नका.

पण "पंप ठीक आहे" हे तुम्ही कशावरून लिहिलंत? गळत नाही म्हणून? आमच्या दाजींचं अगदी हेच वाक्य होतं. ते वाचलं आणि राहवलं नाही.

बाबांची जुनी गाडी, मीटर लाखाच्या पुढे गेलेला. बेल्टसाठी गॅरेजला दिली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, पंप, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वाट देणारा आयडलर सगळं एकदमच टाकू. दाजी शेजारीच उभे. "चालू वस्तू फेकायची कशाला? यांचा धंदाच आहे तो." मी तिथल्या तिथे म्हटलं, पंप याच बेल्टवर फिरतो, उद्या तो गेला तर हे सगळं परत उघडावं लागेल. पण जावयाचा शब्द पडला आणि बाबांनी मान डोलावली. नवा पडला तो फक्त बेल्ट. घरी आल्यावर पैसे कसे वाचवले हे दाजी आल्यागेल्याला सांगत होते.

वर्ष व्हायच्या आतच टाकीतलं कूलंट, म्हणजे हाच पंप इंजिन थंड ठेवायला आत फिरवतो ते पाणी, कमी व्हायला लागलं. गाडीखाली थेंब नाही, होज कोरडे. दाजींचं निदान, "उष्णतेने उडत असेल." बंद सिस्टिममधून कूलंट असं उडत नसतं, पण बोलणार कोण! शेवटी मी कव्हरं काढायला लावली. पंपाच्या शाफ्टखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गळायला लागलं की कूलंट बेअरिंगमध्ये शिरण्याआधी बाहेर पडावं, म्हणून मुद्दाम ठेवलेलं. त्या भोकापासून खाली गुलाबी ओघळ वाळला होता, कडेला त्याचे पापुद्रे धरले होते, आणि बेल्टची एक कड ओली. पुली दोन बोटांत धरून हलवली तर चक्क खडखडली.

मग काय, पंप बदलायला बेल्ट काढला. कूलंट प्यायलेला बेल्ट परत चढवायचा नसतो, म्हणून धडधाकट बेल्ट कचऱ्यात. मजुरी पुन्हा पहिल्यापासून. या कामात खरा खर्च तिथवर पोचण्याचा असतो. इंजिनाला खालून आधार द्या, माउंट सोडा, बाहेरचे पट्टे उतरवा, क्रँक पुलीचा बोल्ट सोडवा (हा बोल्ट काय चीज आहे ते सोडवणाऱ्यालाच विचारा). एवढं उघडल्यावर पंप म्हणजे समोर दिसणारे चार-पाच बोल्ट, आणि नेमका तोच जुना ठेवायचा!

तरी आम्ही स्वस्तात सुटलो. पंपाचं बेअरिंग जाम झालं असतं तर बेल्टचे दात सोलून निघाले असते. पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकचे दोन फेरे झाले की व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा एक, हा हिशोब बेल्टच सांभाळतो. तो चुकला की बऱ्याच इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचा वरचा भाग, हेड, उतरवावं लागतं. काही इंजिनांत मध्ये पुरेशी जागा असते, तिथे गाडी नुसती बंद पडते. तुमचं इंजिन कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही.

तुमची गाडी बारा वर्षांची आणि बेल्ट मूळचाच, तर "किलोमीटर कमीच झालेत" यावर जाऊ नका. जुन्या गाड्यांत साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटरची मुदत दिलेली असते, पण सोबत वर्षांचीही असते, आणि जी आधी भरेल ती धरायची. रबर उभ्या गाडीतही जुनं होतं. वरून भेगा दिसल्या नाहीत म्हणजे बेल्ट चांगला, असंही नाही.

स्वतः करता येईल का? येईल, मॅन्युअल आणि धीर दोन्ही असेल तर. क्रँक आणि कॅमच्या पुल्यांवरच्या खुणा जुळवून बेल्ट चढवला की क्रँक हाताने, पान्याने, पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा परत बघा. मध्येच अडलं तर जोर लावू नका. सेल्फ मारून तपासणं तर अजिबात नको. नवा बेल्ट दुमडायचा नाही, पिळायचा नाही, आतल्या काचेच्या धाग्यांना ते सोसत नाही. कूलंट भरल्यावर हवा नीट काढा. नाहीतर नव्या पंपावरही गाडी तापेल, आणि घरातलं कोणीतरी "बघ, मी म्हणत होतो" म्हणायला टपलेलं असेलच.

दाजींचा एक मुद्दा मात्र मान्य. नवा पंपही खराब निघू शकतो. हलक्या प्रतीचा टाकण्यापेक्षा कंपनीचा जुना बरा. तेव्हा टाकायचा तर चांगला, नव्या गास्केटसकट. फक्त हा मुद्दा त्यांना दुसरं बिल हातात पडल्यावर सुचला.

आणि हो, हे सगळं पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तरच. काही इंजिनांत तो बाहेरच्या, अल्टरनेटरच्या पट्ट्यावर असतो. तिथे तो पुढेमागे वेगळा बदलता येतो, म्हणजे गळत नसेल तर थांबलात तरी चालेल. मेकॅनिकला आधी एवढंच विचारा की पंप कशावर फिरतो. बाहेरच्या पट्ट्यावर असूनही तो हट्टच धरत असेल, तर मग खुशाल वाद घाला.