मुलाला शाळेत दर सहा महिन्यांनी जंताची गोळी देतात, पण शरीराची इम्युनिटी स्वतः जंतांशी लढत नाही का? गोळी टाळली तर चालेल?

लढते हो, पण मारून टाकण्यापेक्षा ढकलून बाहेर काढण्यावर तिचा भर असतो. एमएस्सीला इम्युनॉलॉजी होतं तेव्हा मलाही हाच प्रश्न पडायचा, पांढऱ्या पेशी बॅक्टेरिया गिळतात ते ठीक, पण गोल जंताची मादी ३५ सेंमीपर्यंत वाढते, तिला गिळणार कोण?

तर आतड्याच्या अस्तरात टफ्ट सेल नावाच्या मोजक्याच पेशी असतात, वरच्या टोकाला झुपका असलेल्या. १९५६ पासून माहीत होत्या पण त्या करतात काय हे कोणाला धड सांगता येत नव्हतं, शेवटी २०१६ मधे तीन वेगवेगळ्या टीमनी उंदरांवर काम करून दाखवलं की जंत आले अशी पहिली बोंब ह्याच मारतात. बोंब म्हणजे आयएल-२५ नावाचं प्रोटीन. ते मिळालं की जवळच्या आयएलसी-२ ह्या इम्युनिटीच्या पेशी आयएल-१३ हे दुसरं निरोप देणारं प्रोटीन सोडतात आणि मग धमाल सुरू, चिकट म्युकस बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी वाढतात, आतड्यात पाणी सुटतं, स्नायू जोरजोरात आवळायला लागतात, अस्तराच्या पेशी भराभर गळून नव्या येतात, त्यामुळे जंताला टिकून राहणंच अवघड होतं. वर त्याच आयएल-१३ मुळे टफ्ट सेलही वाढतात, म्हणजे बोंब आणखी मोठी! उंदरांमधला निप्पोस्ट्राँगायलस हा जंत असा साधारण दहा दिवसांत बाहेर पडतो, टफ्ट सेल नसलेल्या उंदरांत मात्र रेंगाळतो. (धुळीच्या ॲलर्जीत नाक गळतं ना, त्यातही बरीचशी हीच यंत्रणा, फक्त जंत नसताना उगाच चालू झालेली.)

मग गोळी कशाला? कारण माणसातले जंत उंदराच्या त्या जंताइतके भोळे नाहीत. ते इम्युनिटीला शांत करणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशींना पुढे करतात आणि वर्षभर सुद्धा आत ठाण मांडून बसतात. उंदरातला एक दुसरा जंत तर आपल्याच शरीरातल्या टीजीएफ-बीटा ह्या 'गप्प बसा' सांगणाऱ्या प्रोटीनची नक्कल करणारं प्रोटीन सोडतो, एवढा बेरकी! शिवाय गोवरासारखं एकदा झालं की कायमचं संरक्षण असं इथे होत नाही, मातीतली अंडी परत पोटात गेली किंवा अनवाणी पायातून हुकवर्मची अळी शिरली की परत पहिल्यापासून. गोळी आज असलेले जंत काढते, उद्याचे अडवत नाही, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा.

ह्या गोळीतलं औषध अल्बेंडाझोल, ते जंताला ग्लुकोज घेऊ देत नाही, तो उपाशी मरतो. ४०० मिग्रॅची एक गोळी, १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी. तेव्हा टाळू नका, फक्त मूल आजारी असेल किंवा दुसरं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि १० फेब्रुवारीची (राष्ट्रीय जंतनाशक दिनाची) गोळी चुकली तर काही दिवसांनी राहिलेल्या मुलांसाठी मॉप-अप दिवस असतो तेव्हा द्या.