रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय कोणासाठी?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका कॅथलिक कुटुंबातला असून बेळगावच्या महाविद्यालयात शिकवतो. गोव्यातील इन्क्विझिशन (धर्मविरोधी आचरणाचा तपास करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायासन), दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेष यांचे दाखले देऊन सहकारी विचारतात की, तुमचा धर्म मुळातच सत्ताधाऱ्यांचा नव्हे का? त्यांना काय उत्तर द्यावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : प्रथम हे दाखले खरे आहेत असे स्पष्टपणे मान्य करा. १४५२ आणि १४५५ च्या पोपच्या फर्मानांनी पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्तीतरांचे प्रदेश जिंकण्याची आणि तेथील माणसांना कायमचे गुलाम करण्याची मुभा दिली. त्या विचारसरणीशी आपला संबंध नाही, असे व्हॅटिकनने जाहीर केले ते २०२३ मध्ये. हा उशीर अक्षम्य आहे.

परंतु जुलमासाठी शास्त्र वापरणाऱ्यांना ते पुरते कधीच परवडलेले नाही, हेही सहकाऱ्यांपुढे ठेवा. १८०७ मध्ये लंडनला कॅरिबियन बेटांवरील गुलामांसाठी बायबलची एक खास आवृत्ती छापली गेली. तिच्यातून जुन्या कराराचा बहुतेक भाग आणि नव्याचा जवळपास निम्मा भाग गाळलेला होता. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हे नव्या करारातील इफिसकरांस पत्रामधले वचन राहिले. मिसर देशाच्या दास्यातून इस्राएल लोक सुटले ती ‘निर्गम’ मधील कथा मात्र वगळली. ती वाचून मळ्यावरचा गुलाम काय विचार करील, हे छापणाऱ्यांना नेमके कळत होते, आणि ढोंग म्हणतात ते यालाच.

२०१८ मध्ये अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी सीमेवर मुलांना आईवडिलांपासून तोडणाऱ्या धोरणाच्या समर्थनार्थ नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा, म्हणजे अधिकाऱ्यांच्या अधीन राहा या उपदेशाचा, आधार घेतला. त्याच अध्यायाच्या दहाव्या वचनात प्रीती शेजाऱ्याचे वाईट करत नाही असे सांगितले आहे. तिथवर ते गेले नाहीत.

दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णद्वेषाला शास्त्राधार पुरवला. १९८२ मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेने तो पाखंड ठरवून त्या चर्चचे सदस्यत्व स्थगित केले. हा निवाडा ख्रिस्ती लोकांनीच, त्याच शास्त्राच्या आधारे दिला होता.

गोव्याविषयी अधिक सविस्तर बोला, कारण तो विषय आपल्या भागातील अनेक घराण्यांच्या स्थलांतराशी निगडित आहे. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, चाललेल्या त्या न्यायासनाचा रोख प्रामुख्याने बाप्तिस्मा घेतलेल्या स्थानिकांवरच होता. १७३६ च्या फर्मानाने त्यांना अंगणात तुळस लावण्यास, धोतर नेसण्यास, एवढेच काय, हिंदू रीतीप्रमाणे भात मिठाशिवाय शिजवण्यासही मनाई केली. तेव्हा ‘तुमचा धर्म’ म्हणून जाब विचारणाऱ्यांना हे जरूर सांगा की, त्या कोठड्यांमध्ये बहुसंख्येने ख्रिस्ती माणसेच होती.