टेकाडावरचं वावर पवनचक्कीला द्यावं का?

दिग्रसकडच्या टेकाडावरचं तीन एकर वावर पवनचक्कीसाठी मागायला माणूस आला, इसार देतो, आठवड्यात खरेदीखत करू म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, थांबा. विकू नका. द्यायचंच तर भाडेपट्ट्यानं द्या, आणि तेही वाऱ्याचे आकडे पाहून.

मी बारा वर्षं साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर चक्क्यांच्या देखभालीत होतो. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ५ मीटरऐवजी ७ मीटर वारा असला की शक्ती पावणेतीनपट! एवढ्याशा फरकावर अख्खा प्रकल्प तरतो किंवा बुडतो. उन्हाळ्यात टिनं उडवणारी वावटळ धरू नका. वारा सेकंदाला २५ मीटरच्या आसपास गेला की चक्की स्वतःच बंद होते. राज्यात पवनविजेचा मोठा भाग जून ते सप्टेंबरात निघतो. चिखलदऱ्याला चक्क्या आहेत, पण ते सातपुड्यावर हजार मीटरच्या वर आहे. दिग्रसकडे ती उंची नाही. म्हणून वर्षभर मास्ट, म्हणजे वारा मोजायचा उंच मनोरा, उभारून मोजलेले आकडे मागा. ते नसतील, तर तुमची जमीन स्वस्तात घेऊन पुढे विकायचा बेत असू शकतो.

चक्कीचा खांब फार जागा खात नाही, त्याच्या जवळपर्यंत तूर पेरता येते. जागा खातो रस्ता. पन्नास मीटरचं पातं आणणाऱ्या ट्रेलरला पांदण पुरत नाही, क्रेनला ठोकून सपाट केलेली जागा लागते. शिवाय गिअरबॉक्स गेला की क्रेन परत येते, मग वावरात उभं सोयाबीन का असेना. काळ्या मातीवर मुरुमाचा रस्ता उचलून बांधतात, त्यानं पाण्याची वाट अडते आणि वरच्या अंगाला पीक सडतं. माझ्या आत्याच्या वावरातून सोलरची केबल गेली. बुजवलेली चर पहिल्याच पावसात खचली, बैलाचा पाय मोडला. करारात भरपाईची ओळच नव्हती. त्या बैलाचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा पट्टा नोंदणीकृत करा. भाडेवाढ, पिकाची भरपाई, रस्त्याखाली पाण्याचे पाइप, आणि मुदत संपल्यावर खांब काढून पाया फोडण्याच्या खर्चाची बँक हमी, हे सगळं लिहून घ्या. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय दुसऱ्याला देता न येणारी जमीन, असं आहे का तेही बघा; असेल तर आधी तहसीलमध्ये परवानगीचं विचारा. बहिणींची नावं असतील तर त्यांना आजच बोलवा.

मसुदा हाती आला की रस्त्याचं आणि मुदतीचं कलम इथं टाका, मी वाचतो.